खारकीची तहान

मायाक्का लवटेला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ज्या झाडासाठी मी पुण्याहून भर उन्हात आले होते, नेमक्या त्याच झाडाच्या फांद्या ती ओढून मोडत होती.

लांब काठीला बांधलेली आकडी, डोक्यावर पदर, पायाखाली काट्यांचा सडा. फांदी कडाडून खाली आली की शेळ्यामेंढ्या तिच्यावर तुटून पडत. मी गाडीतूनच ओरडले, "अहो बाई, थांबा, थांबा!"

तिनं शांतपणे वळून पाहिलं. "का वं? झाड तुमचं हाय?"

"नाही. पण ते फार मोलाचं असू शकतं."

"मग शेरडास्नी काय सांगू? मोलाचं हाय, तोंड लावू नगा म्हनून?"

शास्त्रज्ञ म्हणवून घेणाऱ्या बाईला असं पहिल्या दोन मिनिटांत गप्प केलेलं मला फारसं आवडत नाही, पण मला हसू आलं. ती पण हसली, आणि मला झाडाजवळ जाऊ दिलं.

मी नसीमा बागवान. आमची संस्था जुनी, कोरडवाहू फळझाडं शोधते. सांगोल्याच्या पुढं, माण नदीच्या अंगाला गळवेमाळ नावाची वस्ती आहे, तिथली ही गोष्ट. २०५२ साल होतं. बोअरवेल कायद्यानं बंद झाल्या होत्या. टँकर आपोआप चालत यायचा, मोजून पाणी सोडायचा आणि निघून जायचा. त्याला चालक नसल्यामुळे भांडायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

माझ्या अब्बांची सोलापुरात फळांची गाडी होती. मी लहान असताना त्यांच्या गाडीवर सुपारीएवढी गावरान बोरं असायची, आणि गिऱ्हाईक चव घेऊन विचारायचं की ही कुठल्या बाजूची. प्रत्येक माळाची चव वेगळी. ती झाडं कुणी लावली नव्हती. धनगरांची मेंढरं बोरं खात चालायची, आणि खतासाठी ज्या रानात बसवली जायची तिथं लेंड्यांबरोबर आठोळ्या, म्हणजे बोरांच्या बिया, पडायच्या. त्यातून बोरी उगवायच्या. पाणी कोण घालणार? मरायच्या त्या मरायच्या. उरायच्या त्यांना माणसं चवीवरून नावं द्यायची: गुळी, आंबटी, पिठुळी. मग ॲपल बोर आलं. लिंबापेक्षा मोठं, चकचकीत, पाणीदार, आणि चवीच्या नावानं आनंद. अब्बा म्हणायचे, हे बोर खाताना माणसाला आपण काय खातोय ते आठवावं लागतं. पण खपायचं तेच. लोकांनी बांधावरच्या बोरी तोडून ठिबकवर ॲपल बोरीच्या बागा लावल्या. पाणी संपलं तशा त्या बागा दोन उन्हाळ्यांत गेल्या, आणि जुन्या बोरी तर आधीच सरपणात गेल्या होत्या.

मायाक्काचं झाड उरलं ते फक्त तिच्या शेळ्यांना पाला लागायचा म्हणून. त्याला खारकी म्हणत. त्याची बोरं उन्हात वाळवली की खारकेसारखी लागतात.

मी सालीचा नखाएवढा तुकडा काढला आणि सालवाचकात घातला. हे हातात मावणारं यंत्र काय करतं ते मी मायाक्काला जसं सांगितलं तसंच इथं सांगते. झाडाच्या पेशीत जनुकांचा एक संच असतो आणि तो जन्मभर तोच राहतो. पण झाडानं एखादा कडक दुष्काळ काढला, तर काही जनुकांवर बारीक रासायनिक खुणा बसतात. मिथाइल नावाचे चिमुकले रेणू तिथं चिकटून राहतात. पुढच्या वेळी पाणी तुटलं की या खुणांमुळे झाडाला विचार करत बसावं लागत नाही. पानांची छिद्रं मिटायची, पानं वेळेत गाळायची, सगळं बळ मुळांकडे लावायचं, हे ते आधीच सुरू करतं. या खुणा म्हणजे झाडाची आठवण. बीमधून ती फारशी उतरत नाही. पण त्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, काढून दुसऱ्या रोपावर भरला, म्हणजे कलम केलं, तर पुरी उतरते.

यंत्राच्या पडद्यावर खुणांचे पट्टे उजळतात. ॲपल बोरीचे दोन-तीन उजळायचे. खारकीचा पडदा वरपासून खालपर्यंत भरला. बहात्तरचा दुष्काळ आणि त्यानंतरचे सगळे त्या झाडानं अंगात धरून ठेवले होते. मी आनंदानं मायाक्काचे दोन्ही हात धरले.

"ह्यातनं काय हुतं?" तिनं विचारलं.

"याची कलमं केली तर थेंबभरही पाणी न घालता बाग होईल. तुमच्याच चार एकरांत पहिली करू. संस्था सगळं देईल. फक्त राबणारं माणूस पाहिजे."

तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतले. मग म्हणाली, "म्हंजी माझा बिरू परत यील?"

बिरुदेव तिचा एकुलता एक. नवरा गेला त्याच वर्षी तो चाकणला बॅटरीच्या गोदामात लागला होता, आणि सातव्या मजल्यावरच्या एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होता. माळावर करायला काही नाही म्हणून तो गेला होता. बाग झाली तर करायला काहीतरी होतं. सगळ्या जगाच्या दुष्काळाचं मी बोलत होते, आणि मायाक्काला त्या पडद्यावर एवढं एकच दिसत होतं. मला तिचं काही चुकलंय असं तेव्हाही वाटलं नाही.

बिरू आला. उंच, अबोल, हाताला सतत काहीतरी काम लागणारा पोरगा. त्यानं चार एकरांत खड्डे घेतले आणि प्रत्येक खड्ड्यात रानबोरीच्या आठोळ्या टोकल्या. बोरीचं मूळ सरळ खाली जायला हवं असतं, म्हणून रोप आणून लावत नाहीत. आधी जागेवर रानबोर उगवू देतात, तिचं खोड करंगळीएवढं झालं की तिच्यावर चांगल्या झाडाचा डोळा भरतात. कोरड्या रानात याला दोन वर्षं लागणार होती. जाताना मी मायाक्काला बजावलं, "खारकीला पाणी घालायचं नाही. काही म्हणजे काही करायचं नाही. आहे तशी राहू द्या."

"न्हाय घालत," ती म्हणाली.

दोन वर्षांनी चैत्रात मी खारकीच्या डोळ्यांची पाहणी करायला गेले, तर वस्ती ओळखू येईना. खारकीभोवती फरशीचा पार होता, पारावर भगवे झेंडे, खोडाला हळदकुंकू, फांद्यांना हिरव्या बांगड्या. कडेला टँकरच्या पाण्यानं भरलेली टाकी आणि तिला पाय धुवायचा नळ होता आणि त्याचं पाणी वाहत थेट झाडाच्या बुंध्यात जात होतं. आजूबाजूचं सगळं रान करपलेलं, आणि खारकी हिरवीगार, टवटवीत, भर चैत्रात अंगावर पानं घेऊन उभी. तिनं पानं केव्हाच गाळायला हवी होती.

"बघा म्याडम, देवीची किरपा!" पारावरून आप्पा गळवे म्हणाले. ते निवृत्त ग्रामसेवक आणि खारकीदेवी जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष. झाडाबरोबर तुमचं नाव पेपरात आल्यापासून पार जतवरनं माणसं येतात, अमावास्येला तर रांग लागते, प्रत्येक जण घरून तांब्या आणतो, असं त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. टँकरच्या मापाच्या पाण्यातून लोक देवीचा तांब्या बाजूला काढत होते. स्वतः कमी पीत होते. मला रागवायचं होतं, पण त्या तांब्यांकडे पाहून रागही नीट येईना.

मी शेंड्याची, मधल्या फांदीची, नव्या फुटीची साल तपासली. दोन पट्टे. तीन पट्टे. पुन्हा दोन. पोटभर पाणी मिळालं तर खुणा पुसल्या जाऊ लागतात हे आम्हाला माहीत होतं. नवं लाकूड आधी विसरतं. खारकी विसरली होती.

मायाक्का घराच्या सोप्यात बसली होती. मी काही बोलायच्या आत तिला माझ्या तोंडावरून कळलं.

"मायाक्का, पाणी कुणी घातलं?"

"म्या," ती म्हणाली. "पयलं म्याच. बिरू आला त्या दिशी. म्या तिला बोलले हुते, माझा पोरगा आन, रोज तुझ्या पायाशी तांब्या वतीन. तिनं आनला. मग वतायला नगो?"

"पण मी सांगितलं होतं ना, पाणी घालायचं नाही म्हणून!"

"ते पानी न्हवं वं बाई. त्यो निवद हुता." तिचे डोळे भरले. "मला वाटलं, पानी म्हंजी तुमचं ते शेतीचं पानी. माझं बघून समद्या बायांनी धरलं. मी कुनाला कशी नगो म्हनू? आपलं गाऱ्हानं तिनं ऐकलं, दुसऱ्याचं ऐकू नये का?"

बिरू दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. चार एकरांत त्याच्या रानबोरी गुडघ्याच्या वर आल्या होत्या, डोळ्याची वाट बघत. त्यानं विचारलं, "म्हणजे डोळे मिळणार नाहीत?"

"हे मिळून उपयोग नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात जळतील."

"मग मी दोन वर्षं इथं काय करत होतो?" तो आवाज न चढवता म्हणाला आणि आत गेला. आतून पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. मायाक्कानं डोळे मिटून घेतले.

मी परत झाडाकडे गेले. एक गोष्ट राहिली होती. पाराची एक फरशी उचलून मी बुंध्याजवळची, सगळ्यात जुनी, भेगाळलेली साल काढली. तिथं जाड सालीखाली झोपलेले डोळे असतात. ते वर्षानुवर्षं फुटत नाहीत, आणि झाड वरून तोडलं तरच जागे होतात. यंत्रानं वेळ घेतला. मग पडदा भरला, वरपासून खालपर्यंत. मी एकटीच मोठ्यांदा "या अल्ला" म्हणाले आणि पारावरच्या बायका दचकल्या.

उपाय एकच होता आणि तो मला मायाक्काला सांगायचा होता. बोरीची छाटणी चैत्र-वैशाखातच करतात, पण ही छाटणी नव्हती. खारकी बुंध्यापाशी तोडायची. फुटेल ती फूट जुनी आठवण घेऊन येईल.

"मरंल का?" तिनं विचारलं.

"मरू शकते. जुनं झाड आहे. पण बहुतेक जगेल."

"आनि न्हाय तोडलं तर?"

"झाड छान जगेल. वाढेल. पण एवढं पाणी मुरल्यावर आणखी एक-दोन वर्षांत बुंध्यातल्या खुणाही जातील."

"म्हंजी झाड ऱ्हाईल आन् खारकी जाईल," ती म्हणाली. मी मान हलवली. यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

सकाळी ती कुऱ्हाड घेऊन पारावर चढली तेव्हा निम्मी वस्ती जमली होती. आप्पा गळवे आडवे आले. "मायाक्का, शुद्धीवर हाईस का? देवीला कुऱ्हाड लावनार? आजूबाजूची गावं थुकतील आपल्यावर!"

"आप्पा, पयलं कुकू कुनी लावलं हिला?"

"तू लावलंस. म्हनून तर—"

"मग पुसायचं बी म्याच." तिनं पदराचं टोक घेतलं आणि खोडावरचं कुंकू पुसलं. ते दोन वर्षांचं साचलेलं, थरावर थर. ती पुसत राहिली, हात लाल झाला. एक म्हातारी रडायला लागली. मायाक्का तिच्याकडे वळून म्हणाली, "रडू नगंस. पानी पाजून पाजून आपुन हिला परक्याची केली. सासरी गेल्यावानी झाली बघ. आपल्या रानाचं तिला काय बी आठवंना. आता ऱ्हाऊ दे जरा उपाशी."

मग तिनं बांगड्या एकेक करून काढल्या, झेंडे उतरवून आप्पांच्या हातात दिले आणि पहिला घाव घातला. कुणी पुढं आलं नाही. देवीच्या पहिल्या भक्तिणीला अडवायचं कुणी, हा प्रश्न समितीच्या नियमांत बसत नव्हता. चार-पाच घावांनंतर तिचा श्वास फुलला. बिरू गर्दीच्या मागं पेटी घेऊन उभा होता. त्यानं पेटी खाली ठेवली, करवत आणली आणि उरलेलं काम केलं. झाड पडलं तेव्हा मायाक्का तिथं थांबली नाही. ती शेळ्या घेऊन माळावर निघून गेली आणि दिवस मावळेपर्यंत आली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. बुंधा नुसता बुंधा होता. वस्तीवर कुणी मायाक्काशी बोलेना, आणि माझ्याशी तर नाहीच. नळ बंद केला, पाराच्या फरश्या काढल्या. बिरू रोज सकाळी बुंध्यापाशी उकिडवा बसायचा. मृग कोरडाच गेला. आणि एक दिवस त्यानं मला पुण्याला फोन केला. बोलेचना. मी विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "फुटलंय."

फूट बुंध्याच्या खालच्या अंगाला आली होती, तांबूस, लवदार, पाण्याच्या थेंबाशिवाय. मी तिची साल वाचली. पडदा भरला. मायाक्कानं पडद्यावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत नेलं आणि पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. त्या पावसाळ्यात, म्हणजे ज्याला आम्ही हल्ली पावसाळा म्हणतो त्यात, बिरूनं आणि मी खारकीचे डोळे भरले. चारही एकर.

गोष्ट इथं संपली असती तर मी सुखानं परतले असते.

पुढच्या उन्हाळ्यात कलमांनी पानं गाळली. चार एकर नुसत्या वाळक्या काड्या. हे बघून मला आनंद झाला, कारण हीच ती आठवण होती. पण ते बघणं सोपं नव्हतं, हे मी कबूल करते. मेल्यासारख्या दिसणाऱ्या झाडांपाशी रोज जायचं आणि काहीच करायचं नाही. बिरूला ते जमत नव्हतं. तो ओळींतून फेऱ्या मारायचा, काड्या नखानं खरवडून आत हिरवं आहे का बघायचा. एका फेरीत मी पश्चिमेकडची ओळ वाचली तर तिथले पट्टे विरळ होते. त्या ओळीत चार-सहा काड्यांवर पानंही होती.

मायाक्का शेजारीच होती. तिनं ती पानं पाहिली आणि पोराकडे वळली. "गेलं पंधरा दिस तू अंगाला पानी लावलं न्हाईस. वास मारतुयास. मला वाटलं, कट्टाळा करतुयास."

बिरूनं मान खाली घातली. आंघोळीचं पाणी तो त्या ओळीला घालत होता. "आय, मरतायत असं वाटतं गं. हात गप बसत न्हाईत."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "हात माझंच हायेत."

मी सावरून घ्यायला गेले. एकच ओळ आहे, पाणी तोडलं की सुधारेल, वगैरे. मायाक्कानं मला हातानं थांबवलं. संध्याकाळी भाकरी करता करता तिनं पोराला सांगितलं, तव्यावरची नजर न काढता. "तू परत चाकनास जा."

"तूच बोलावलंस ना मला?"

"बोलावलं. आता सांगतीया, जा. ही बाग उठायची तर हितं राबनारा मानूस नगो. राबनारा असला तर पानी घालनार. छाटनीला ये, बोरं उतरायला ये. तुझा बा आठ म्हयनं मेंढरांमागं असायचा, म्हनून काय घर मोडलं?"

"आन् तू एकटी?"

"मला काय न करता बसायचं आता जमतंय. तुला न्हाई."

त्याला ते पटलं होतं, आणि म्हणूनच त्याला जास्त लागलं असावं. मला त्या चुलीपुढं बसून स्वतःच्या शोधाचा राग आला. ज्या बागेमुळे पोरगा घरी यायचा होता, ती बाग जगायची तर तो पोरगा घरी नको होता, आणि हे त्या बाईला माझ्याआधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला फाट्यावर सोडायला गेलो. मायाक्कानं त्याच्या पिशवीत भाकरी आणि वाळवून जपून ठेवलेल्या खारकीच्या बोरांची पुरचुंडी घातली. गाडी आली. बिरू दारात एकदा घुटमळला, तशी ती खेकसली, "चढ की! मागं मानसं थांबल्यात." तो चढला. गाडी वळणाआड गेली तरी ती रस्त्याकडे बघत उभी होती, चेहरा अगदी कोरडा. मी यंत्राची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. "बाई, तुमचं हे यंत्र मानसाच्या अंगातलं काय वाचतं का वं?"

"नाही मायाक्का. फक्त झाडाचं."

"बरं हाय," ती म्हणाली. "न्हायतर सकाळी तुमी माझ्या हाताला लावलं असतंसा, पडदा वरपासनं खालपर्यंत भरला असता, आन् त्यो गाडीत चढलाच नसता."